वॉकथ्रू चार-पाच पीसीवर रेंडर करताय? मग या चुका टाळा

एक मिनिटाचा वॉकथ्रू (इमारतीतून कॅमेरा फिरवलेली थ्रीडी फिल्म) २५ एफपीएसने, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५०० फ्रेम. फ्रेमला ५ मिनिटं धरली तरी एका पीसीवर १२५ तास, पाच दिवसांच्या वर. पाच सारख्या पीसींवर वाटलं तर २५ तासांत व्हायला हवं, पण बऱ्याचदा होत नाही, आणि दरवेळी हार्डवेअरचाच दोष असतो असं नाही.

पहिली चूक म्हणजे व्ही-रे या रेंडररचं डिस्ट्रिब्युटेड रेंडरिंग चालू करून अख्खं अ‍ॅनिमेशन सोडून देणं. त्यात एकच फ्रेम तोडून सगळ्यांना वाटली जाते, मोठ्या स्टिलला मस्त आहे, पण अ‍ॅनिमेशनमध्ये ही वाटावाटी प्रत्येक फ्रेमला होते आणि त्यातच वेळ जातो. त्यापेक्षा एका पीसीला एक पूर्ण फ्रेम द्या, बॅकबर्नर किंवा डेडलाइनसारखं फ्रेम वाटून देणारं मॅनेजर सॉफ्टवेअर तेच करतं. ब्लेंडरवाल्यांना तर मॅनेजरही लागत नाही. आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर्स चालू (म्हणजे घेतलेल्या फ्रेमची रिकामी फाइल आधीच बनते), सगळीकडे तीच फाइल आणि तोच शेअर्ड फोल्डर, मग प्रत्येक पीसी आधी घेतलेली फ्रेम सोडून पुढची उचलतो.

आउटपुट थेट एमपी४ ठेवू नका हो! पीएनजी नाहीतर ईएक्सआर सिक्वेन्सच काढा, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी इमेज फाइल, एक फ्रेम बिघडली तर तेवढीच परत मारता येते.

टेक्स्चर गायब? झेड ड्राइव्हवरचा (नेटवर्क फोल्डरला दिलेल्या अक्षरावरचा) पाथ तुमच्या लॉगिनला दिसतो, पण नोडवरचं, म्हणजे रेंडरला लावलेल्या पीसीवरचं, सॉफ्टवेअर विंडोजची सर्व्हिस म्हणून मागे चालत असेल तर त्याला तो ड्राइव्ह दिसतच नाही. सगळे पाथ यूएनसी करा, म्हणजे दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, मग फोल्डर, आणि त्या सर्व्हिसच्या अकाउंटला शेअरची परमिशन आहे का तेही बघा.

सगळ्यात डोकं खाणारा प्रकार म्हणजे फ्लिकर, फ्रेमगणिक चित्र लुकलुकणं. व्ही-रेचा इरॅडियन्स मॅप (परावर्तित उजेडाचा साठवलेला हिशोब) प्रत्येक फ्रेमला नव्याने निघत असेल तर भिंतींवर डाग नाचणारच, पीसी एक असो वा पाच. फक्त कॅमेरा फिरतोय ना, मग एकाच पीसीवर दर काही फ्रेमला इन्क्रिमेंटल (आधीच्यात भर घालत जाणारा) मॅप काढून सेव्ह करा आणि बाकी सगळ्यांना ती फाइल वाचायला द्या. गाड्या, माणसं, दारं हलत असतील तर मात्र हा जुगाड चालत नाही, वेळ जास्त गेला तरी ब्रूट फोर्सच (प्रत्येक फ्रेमला उजेड थेट मोजणारी पद्धत) वापरा. आणि फ्लिकर ठराविक फ्रेमलाच असेल, झाडं उड्या मारतायत किंवा रंगच बदलतोय, तर सेटिंग्ज खेळत बसू नका, लॉग उघडून त्या फ्रेम कुठल्या नोडने काढल्या ते बघा. बहुतेक तो एकच निघतो, आणि त्यावर रेंडररचं किंवा झाडं पसरवणाऱ्या स्कॅटर प्लगइनचं व्हर्जन वेगळं असतं.

कमी रॅमचा पीसी उगाच घेऊ नका, सीन मावला नाही की तो डिस्कवर घासत बसतो. स्लीप आणि विंडोज अपडेटचा रीस्टार्ट बंद ठेवा.

रात्रभर लावण्याआधी दर शंभरावी फ्रेम, म्हणजे १५ फ्रेम, काढून बघा, प्रत्येक नोडच्या वाट्याला निदान एक तरी आली पाहिजे.