शेअरचा ऑप्शन एक्सपायरीपर्यंत धरून बसू नका

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी (कॉल) किंवा विक्री (पुट) करण्याचा हक्क; त्याची मुदत संपते तो दिवस म्हणजे एक्सपायरी. निफ्टीच्या ऑप्शनचा हिशोब एक्सपायरीला रोखीत मिटतो. कंपनीच्या शेअरवरच्या ऑप्शनचं तसं नाही. ऑक्टोबर २०१९ पासून तिथे प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते, आणि नवे लोक नेमके इथेच अडकतात.

समजा, १४०० रुपयांना शेअर घेण्याचा कॉल घेतलाय, लॉट (एका सौद्यातले शेअर) ५०० चा. एक्सपायरीला शेअर १४०३ वर बंद झाला. फायदा जेमतेम १५०० रुपयांचा, त्यातूनही प्रीमियम (ऑप्शनसाठी मोजलेली किंमत) वजा करायचा. पण शेअर उचलायला खात्यात ७ लाख हवेत! फायद्यातला पुट असेल तर पंचाईत आणखी मोठी: ५०० शेअर द्यायचे, आणि डीमॅटमध्ये नसतील तर ऑक्शनचा, म्हणजे ते शेअर लिलावात विकत घेतले जातात त्याचा, भुर्दंड. ‘प्रीमियमपेक्षा जास्त काय जाणार?’ हा समज इथे फार महागात पडतो.

त्यामुळे इन-द-मनी (हक्क वापरला तर फायदा देणाऱ्या) ऑप्शनमधून चार-पाच दिवस आधीच बाहेर पडा. नंतर डिलिव्हरी मार्जिन (शेअरच्या देवघेवीसाठी खात्यात अडकवून ठेवावी लागणारी रक्कम) रोज चढत जातं, व्यवहारही रोडावतात. विकताना मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विक्री) नको, लिमिटच (आपण ठरवलेला भाव) लावा. शेअर वर जाईल असं अजूनही वाटत असेल, तर पुढच्या महिन्याचा कॉल घ्या.