पावसात भिजलेली बाईक सुरू होईना: करंट कुठे अडलाय ते असं शोधा

रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू झाली नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो. बऱ्याचदा बिचारीचा दोष नसतो. पाऊस सहसा नवं काही बिघडवत नाही. आधीच सैल झालेला कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा), तडा गेलेली प्लग कॅप (स्पार्क प्लगवरची टोपी), गंजलेलं अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनशी जोडणी) हेच उघडं पाडतो. म्हणून नवी बॅटरी घ्यायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या. साधा डिजिटल मल्टिमीटर, पाने, प्लग पाना, काँटॅक्ट क्लीनर, डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि योग्य अँपिअरचे दोन-चार फ्यूज एवढं पुरतं.

पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं असेल तर मात्र सेल्फ अजिबात दाबू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी फिल्टरची पेटी उघडा. आत ओल दिसली तर प्लग काढून ठेवा आणि इंजिन हाताने किंवा किकने सावकाश फिरवून पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर बदलल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

आता चावी फिरवा, सेल्फ दाबा आणि कान द्या.

गाडीचा मीटर अंधारलेला आणि आवाज नाही: मेन फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल. मीटर पेटतो पण सेल्फ मुका: किल स्विच, क्लच स्विच, साइड स्टँड स्विच. साइड स्टँडचा स्विच सगळ्यात खाली असल्यामुळे चिखल आधी त्यालाच खातो. 'टकटकटक' असा भराभर आवाज म्हणजे करंट कमी पडतोय. एकच दणदणीत 'टक' आला तर रिले (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच) हलला, पण मोटर फिरली नाही. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीचा विषय सोडा आणि सरळ प्लगकडे जा.

बॅटरी मोजताना मल्टिमीटरच्या काड्या शिशाच्या खांबांवरच टेकवा, क्लिपवर नको. चावी बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे उतरलेली. मग सेल्फ दाबून बघा. १० च्या खाली फारसं जाऊ नये. आराम करताना १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ दाबताच ७-८ वर कोसळत असेल तर ती आतून गेली; चार्ज करून उपयोग नाही. नुसती उतरली असेल तर क्षमतेच्या एक दशांश करंटने चार्ज करा, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलट केलंत आणि पाना चुकून फ्रेमला टेकला तर ठिणगी ठरलेलीच.

बॅटरी ठीक आणि तरी सेल्फ मरगळलेला? एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ दाबा. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची वायर खराब. तिचा बोल्ट सोडून चकतीखालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा.

प्लगकडे सावकाश जा. कित्येक इंजिनांत प्लग एका खोलगट विहिरीत बसतो. त्या विहिरीतलं पाणी निघून जायला हेडमध्ये बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की पाणी तिथेच साठतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी जाण्याऐवजी ओल्या कॅपवरून इंजिनच्या अंगावर उडते. म्हणून आधी विहिरीतलं पाणी हवेने उडवा, भोक तारेने मोकळं करा, मगच प्लग सोडा. नाहीतर ते पाणी सिलिंडरमध्ये जाईल. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती सुकवून काही होणार नाही. त्या रेघेवरूनच करंट पळतो, कॅप बदला. अंधारात इंजिन चालू करून बघितलं तर कॅपभोवती निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. तेव्हा हात मात्र लांब ठेवा.

कपलर एकेक करून उघडा, लॉक दाबून. वायरीला धरून ओढू नका. पिनांवर हिरवट थर असेल तर काँटॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने काढा, सुकू द्या, मग ग्रीसचा पातळ हात द्या. हे ग्रीस करंट वाहून नेत नाही, फक्त ओल अडवतं. त्यामुळे कपलर त्याने ठासून भरण्यात अर्थ नाही.

बदललेला फ्यूज पुन्हा उडाला तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका, आणि तार गुंडाळायचा विचारही नको. वायरिंग जळेल. त्याऐवजी फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. तो झगझगीत पेटला म्हणजे शॉर्ट (करंट वाटेतच फ्रेमला लागणं) अजून आहे. आता हेडलाइट, हॉर्न, टेललाइटचे कपलर एकेक काढत जा. ज्याच्या सुटण्याने बल्ब मंदावतो, शॉर्ट त्याच वायरीवर.

गाडी सुरू झाली तरी चार्जिंग मोजल्याशिवाय सोडू नका. हेडलाइट लावून, ४००० आरपीएमच्या आसपास, बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर गेलं तर बहुधा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. तो बॅटरीचं पाणी उकळून टाकेल. १३ च्या खाली असेल तर रेग्युलेटरचा कपलर बघा: तपकिरी पडलेली किंवा वितळलेली पिन तिथेच सापडते, कारण सैल पिन तापते.

दोन-तीन दिवसांनी तेच कपलर पुन्हा उघडून बघा. आत राहिलेल्या ओलीचा हिरवा थर तेवढ्या वेळात दिसू लागतो. वायरी परत बांधताना कपलरच्या अलीकडे थोडा झोळ सोडा, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, कपलरमध्ये शिरणार नाही.