शाळेचं हस्तलिखित कसं काढायचं (आणि बाइंडिंगमध्ये 'गो' कसा गमवायचा नाही)

दरवर्षी जानेवारीत कुणातरी शिक्षक मैत्रिणीचा फोन येतोच, अगं हस्तलिखित काढायचंय, म्हणजे पोरांनी हातानं लिहिलेला शाळेचा अंक, कसं करतेस तू. जानेवारीत विचारतेयस म्हणजे उशीर झालाय, हे माझं ठरलेलं उत्तर. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि आपण पडलो नाशिकवाले, त्यामुळे सगळ्याच शाळांना प्रकाशन त्याच दिवशी हवं असतं. मग उलटं मोजत या. बाइंडिंगला आठवडा धरा, पानं लिहायला तीन आठवडे, मधे गॅदरिंग, त्यात पोरं वर्गात दिसतच नाहीत, म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्या संपल्या साहित्य मागवायला पाहिजे. आणि दहावीला यात ओढू नका, बोर्ड तोंडावर असतं त्यांचं. आठवी-नववी बेस्ट.

साहित्य मागवताना फळ्यावर नुसतं "कथा, कविता, लेख द्यावेत" लिहिलंत तर काय येतं ते मी सांगते, निम्म्या कविता आईवर, उरलेल्या पावसावर, आणि त्यातल्या बऱ्याच नेटवरून उचललेल्या. हल्ली तर चॅटजीपीटीचं गुळगुळीत मराठी लगेच कळतं, नववीतला पोरगा "निसर्गाच्या कुशीत" वगैरे लिहायला लागला की समजायचं. त्यापेक्षा एक प्रश्न द्या, ज्याचं उत्तर घरी विचारूनच मिळेल. आम्ही एकदा दिला होता, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गोदेचा कुठला पूर आठवतो? कुणाच्या घरी १९६९ चा निघाला, कुणाकडे २००८ चा. पाणी किती चढलं हे सांगताना फूट-मीटर कुणी बोललंच नाही, सगळ्यांचं माप एकच, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. पंचवटीतल्या एका पोराच्या आजीने पाणी घरात शिरल्यावर आधी पिठाचा डबा माळ्यावर टाकला आणि मग घरातल्या पोराला वर चढवलं, हे त्यानं जसंच्या तसं लिहून आणलं. असं नेटवर कुठे सापडणारे?

दुसरं म्हणजे ज्याच्या घरी जे चालतं त्यावर त्याला लिहायला लावा. दिंडोरीकडून येणाऱ्या एका मुलीनं द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीवर लिहिलं, त्यात वाक्य होतं की छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावतात. वर्गातली कॉलेज रोडची, म्हणजे शहरातली पोरं हादरली, त्यांना वाटलं माणसांच्या डोळ्यांना. मग तिनंच फळ्यावर काडी काढून दाखवलं की डोळा म्हणजे काडीवरची कळी फुटते ती जागा, आणि सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून ती पेस्ट. ते फळ्यावरचं चित्र पण आम्ही घेतलं अंकात.

लेख उचललेला वाटला तर ओरडू नका. त्या मुलाला जवळ बोलवा, कागद आपल्या हातात ठेवा आणि म्हणा, न बघता सांग काय लिहिलंयस. दोन मिनिटांत तो काहीतरी वेगळंच, स्वतःचं सांगायला लागतो, तेव्हा म्हणायचं, आत्ता बोललास ना तेच लिहून आण. माझा अनुभव असा की तेच जास्त चांगलं निघतं. तपासताना शुद्धलेखन सुधारा, वाक्यं सुधारू नका. सटाण्याकडच्या एका पोरानं आजीचं बोलणं अहिराणीत ठेवलं होतं, "काय करी ऱ्हायना" वगैरे, स्टाफरूममध्ये एक-दोघांचं म्हणणं पडलं की प्रमाण मराठीत करून घ्या. मी नाही केलं. मराठी दिनाच्या अंकात आजी पुस्तकी बोलायला लागली तर ती आजी कसली.

आता खरा मुद्दा, अक्षर. बहुतेक शाळांत काय होतं, वर्गातल्या सुंदर अक्षराच्या दोन मुली धरतात आणि अख्खा अंक त्यांच्याकडून लिहून घेतात. मी पण केलंय पहिल्या वर्षी. अंक देखणा झाला, पण त्या दोघींची बोटं दुखून आली आणि बाकीच्या पोरांनी अंक उघडून पण पाहिला नाही, कारण त्यात त्यांचं नाव होतं, हात नव्हता. तेव्हापासून नियम, ज्याचा लेख त्याचं अक्षर. "मॅडम माझं अक्षर घाण आहे, मी फक्त बॉर्डर काढतो" असं म्हणणारे चार-पाच निघतातच. त्यांना छोटा मजकूर द्या, अर्ध्या पानाचा, आणि घाई करू नका. अंक स्पर्धेत पाठवायचा असेल तर मार्क जातील कदाचित, तो हिशोब तुमचा तुम्ही करा.

अक्षर नीट यायची एक साधी युक्ती आहे. जाड काळ्या स्केचपेननं एका कागदावर ओळी आखा, साधारण एक सेंटिमीटर अंतरानं, आणि ए-फोर कोऱ्या कागदाखाली तो ठेवून यूपिन लावा. खालच्या ओळी वर दिसतात, लिहून झालं की कागद काढून घ्यायचा, पेन्सिलीच्या रेघा खोडत बसायची भानगड नाही. कागद मात्र झेरॉक्सचा साधा घ्या, फार जाड कार्डशीट घेतलंत तर ओळी दिसणार नाहीत. जेल पेन पुसतो, विशेषतः डावखुऱ्या पोरांचा, त्यांना हाताखाली ठेवायला एक रद्दी कागद द्या. आणि लिहायला बसण्याआधी त्याच मापाच्या रफ पानावर एकदा लिहून बघायचं, म्हणजे शेवटच्या ओळीत अक्षरं मुंग्यांसारखी होत नाहीत.

चूक झाली तर व्हाइटनर नको, वाळला की पोपडे निघतात. तसल्याच दुसऱ्या कागदाची पट्टी कापून, त्यावर नीट लिहून, अगदी पातळ डिंकानं चुकीवर चिकटवा.

समास! डावीकडे दीड इंच सोडा, म्हणजे सोडाच. आमच्या दुसऱ्या अंकात मी अर्धा इंच सोडला होता, बाइंडिंगवाल्यानं शिवण घातली आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर आत गेलं. मुखपृष्ठामागच्या पहिल्याच लेखाचं शीर्षक 'गोदावरी', वाचायला मिळालं 'दावरी'. प्रमुख पाहुण्यांनी स्टेजवरून तेच वाचलं मोठ्यानं. पोरं अजून मला बघून दावरी म्हणतात. स्पायरल केलं तर एक इंचात भागतं, पण पानं उलटून उलटून भोकं फाटतात, शिवणच बरी.

अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहा, पानांचे नंबर तोवर पेन्सिलीनं. संपादकीय मुलांनाच लिहू द्या, मुख्याध्यापकांचं मनोगत अर्ध्या पानावर आटोपलं तर तुमचं नशीब. बाइंडिंगला द्यायच्या आधी प्रत्येक पान मोबाईलनं स्कॅन करून पीडीएफ बनवून ठेवा, कारण प्रत एकच असते आणि पालकांच्या ग्रुपवर पन्नास जण मागणार.

जमलं तर काम सुरू व्हायच्या आधी मुलांना एकदा गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात न्या, नाहीतर सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे आपल्या सावानात, ती १८४० ची आहे हे नाशिकच्या पोरांना माहीतच नसतं. आमच्यातल्या एकीनं तिथून आल्यावर विचारलं, मॅडम आपला अंक पण एवढी वर्षं राहील का.

तर प्रकाशन झाल्यावर तो मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात जाऊ देऊ नका. लायब्ररीच्या टेबलावर ठेवा, शेजारी शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेला पेन, वाचलं की अभिप्राय लिहायचा. दोरी लागतेच, पेन टिकत नाहीत. आमच्या वहीत परवा शाळेच्या शिपाईमामांनी लिहिलंय, "पुराचा लेख खरा आहे, आम्ही पण गच्चीवर होतो." पुढच्या अंकाला मामांची मुलाखत घ्यायची असं नववीनं ठरवलंय, प्रश्न काढणं चालू आहे.