उपमा ओळखताना या चुका टाळा

'इव (म्हणजे संस्कृतात जसा, जणू) दिसला की उपमा.' सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा देणाऱ्या पोरांत फिरणाऱ्या नोट्समध्ये हे वाक्य कुणी घुसडलं देव जाणे, पण संभाजीनगरात शिकवायला बसलं की प्रत्येक नवी बॅच ते पाठ करूनच येते.

'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातली ओळ घ्या: 'लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः'. अंधार जणू अंगाला लेप देतोय, आकाश जणू काजळ बरसतंय. यावर सिल्लोडकडच्या एका पोरानं भर वर्गात हुज्जत घातली. "सर, दोन-दोन इव दिसायलेत की! उपमाच आहे."

म्हटलं, बरं, उपमेय, म्हणजे ज्याची तुलना होते ते, सांग. "तम." उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना होते ते? "लेप देणं." मग दोघांतला साधारण धर्म, म्हणजे समान गुण? जरा घुटमळला आणि म्हणाला, "लेप देणंच."

जुना काव्यशास्त्रकार दंडी, त्यानं 'काव्यादर्श' या ग्रंथात याच ओळीवर नेमकी हीच उलटतपासणी घेतली आहे. तोच धर्म आणि तोच धर्मी (ज्याचा धर्म तो), असं वेडासुद्धा बोलणार नाही, म्हणतो. लिम्पति हे क्रियापद आहे; त्याची तुलना कशाशी लावणार? इथला इव संभावनेचा, म्हणजे 'जणू तसं घडतंय' अशा कल्पनेचा, म्हणून हा उत्प्रेक्षा अलंकार. पोराचं शेवटपर्यंत एकच: "पण नोट्समध्ये तर..." नोट्स फाडून टाक म्हणालो, ते त्याला आवडलं नाही.

माझी सवय अशी: आधी अन्वय, म्हणजे कोणतं पद कशाशी जोडायचं ते, मग वहीत चार कप्पे. उपमेय, उपमान, धर्म आणि वाचक (तुलना दाखवणारा शब्द). शिसपेन्सिलनं, कारण खोडावं लागतंच. 'रघुवंशा'चा पहिला श्लोक भरून पाहा: पार्वतीपरमेश्वरौ, वागर्थौ, संपृक्तौ, इव. चारही हजर, म्हणजे पूर्णोपमा. उपमानाच्या कप्प्यात नुसतं क्रियापद येऊन बसलं, तर तिथंच थांबा. लातूर पॅटर्ननं पोरांना सराव शिकवला, त्याबद्दल तक्रार नाही; पण चार पर्यायांतून एक उचलायची सवय लागली की अन्वय लावायचा कंटाळा येतो, आणि अन्वयावाचून अलंकार म्हणजे निव्वळ मटका.

'मुखं चन्द्र इव' एवढंच असेल तर धर्माच्या कप्प्यात पदरचं 'सौंदर्य' घालून पूर्णोपमा करू नका. कवीनं धर्म सांगितला नाही; ती लुप्तोपमा.

एका उपमेयाला अनेक उपमानं ती मालोपमा. आधीचं उपमेय पुढं उपमान होत गेलं तर रशनोपमा. यात गोंधळण्यासारखं काय आहे, मला आजवर कळलेलं नाही.

वत् ('-सारखं') प्रत्यय पाहून डोळे झाकून 'श्रौती' लिहू नका. इवच्या अर्थानं साम्य थेट ऐकू येतं ती श्रौती; 'तुल्य'च्या अर्थावरून कळतं ती आर्थी. 'मथुरावत् स्रुघ्ने प्राकारः' (मथुरेतल्यासारखा स्रुघ्न नगरात तट) यात वत् म्हणजे 'मथुरायाम् इव', म्हणून श्रौती. 'ब्राह्मणवत् अधीते' (ब्राह्मणासारखा अध्ययन करतो) यात 'तेन तुल्यम्', म्हणून आर्थी. व्याकरणकार पाणिनीनं दोन्हींसाठी वेगळी सूत्रं दिली आहेत, शेजारीशेजारीच. पाच मिनिटांचं काम.

आता उपमेच्या प्रकारांची बेरीज; प्रत्येक काव्यशास्त्रकारानं ते आपापल्या परीनं मोजलेत. एका उत्तरपत्रिकेत भरताचे ५, मम्मटाचे २५ आणि वर दंडीचे तीसहून अधिक अशी सरळ बेरीज करून 'एवढे भेद' लिहिलेले मी वाचले आहेत. अरे, ही काय किराणा मालाची यादी आहे? मम्मटाची विभागणी व्याकरणावर उभी: पूर्णा ६, लुप्ता १९, उपमा वाक्यात आहे, समासात की तद्धितात (नामाला लागणाऱ्या प्रत्ययात), असं पाहत जायचं. दंडी अर्थाकडे, कवीच्या बोलण्याच्या तऱ्हेकडे पाहतो: निंदोपमा, संशयोपमा, मोहोपमा. दोघांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या, त्यामुळे एकाच गोष्टीला दोन नावं पडतात. मुख स्वतःसारखंच आहे, असं म्हटलं तर दंडीकडे ती असाधारणोपमा. मम्मटाकडे मात्र अनन्वय हा वेगळाच अलंकार, कारण त्याची व्याख्याच 'साधर्म्यमुपमा भेदे', म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींतलं साम्य ती उपमा. भेद नाही तर उपमा कुठली? मी प्रत्येक प्रकाराशेजारी पानाच्या समासात आचार्याचं नाव लिहायला लावतो. पोरं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

आणि ज्ञानेश्वरीतल्या 'माझा मराठाचि बोलु कौतुकें। परि अमृतातेंही पैजासीं जिंके' याला उपमा म्हणणारे पैठण-आपेगावाकडचेच निघावेत, हे जरा जास्तच झालं. इथं बोल अमृतासारखा नाही, त्यानं पैज लावून अमृताला हरवलंय. उपमेय वरचढ ठरलं, व्यतिरेक लिहा.