पहिला ई-रीडर: आधी पुस्तके ठरवावीत, मग यंत्र घ्यावे

ई-रीडर घेण्याचे मनात आले की बहुतेक जण किमतींची तुलना करू लागतात. मराठी वाचकाने मात्र त्याआधी एक काम करावे: पुढच्या वर्षभरात वाचायची दहा-पंधरा पुस्तके कागदावर लिहावीत आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या स्वरूपात मिळते, हे त्यापुढे नोंदवावे. विकत घेतलेले ई-पुस्तक, मोफत मिळणारी ईपब फाइल (अक्षर लहान-मोठे केले की ओळी पडद्यानुसार जुळवून घेणारे ई-पुस्तकाचे स्वरूप) आणि छापील पुस्तकाची पाने स्कॅन करून केलेली पीडीएफ या तिन्हींना लागणारे यंत्र सारखे नसते. स्वस्तात घेतलेला रीडर कपाटात पडून राहण्यामागे बहुधा हेच कारण असते.

पहिल्या प्रकारची पुस्तके ॲमेझॉनच्या किंडल या रीडरसाठीच्या ऑनलाइन दुकानात आहेत. तेथे मराठीसह पाच भारतीय भाषांचा विभाग डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला. ही पुस्तके कुलूपबंद असल्यामुळे सहसा दुसऱ्या कंपनीच्या रीडरवर उघडत नाहीत, आणि विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोयही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे. यादीतली बहुतेक पुस्तके तेथलीच असतील, तर किंडलखेरीज दुसरे यंत्र घेण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारासाठी मराठी विकिस्रोत हे मुक्त ग्रंथांचे संकेतस्थळ उपयोगी आहे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे जुन्या पिढीतील अनेक लेखकांचे साहित्य आता मुक्त आहे आणि विकिस्रोतावरील पुस्तक थेट ईपब स्वरूपात उतरवता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने, तसेच ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके मोफत मिळतात, पण ती प्रामुख्याने पीडीएफमध्ये असतात.

पीडीएफबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाची खरी अडचण तेथेच आहे. स्वस्त रीडरचा पडदा साधारणपणे सहा इंचांचा असतो. छापील पुस्तकाचे पूर्ण पान त्यावर बसवले की अक्षर बारीक होते, आणि पीडीएफमधले पान हे एका चित्रासारखे पक्के असल्याने अक्षर मोठे केल्यास ओळी पडद्याबाहेर जातात. यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. पीडीएफचे ईपबमध्ये रूपांतर करता येते, परंतु त्याआधी एक सोपी चाचणी घ्यावी. पीडीएफमधील एक ओळ निवडून, नक्कल करून फोनवरील एखाद्या कोऱ्या संदेशात चिकटवावी. मराठी मजकूर जसाच्या तसा उमटला, तर रूपांतराला आशा आहे. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड उमटली, तर ते पुस्तक युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व यंत्रांना समजणारी अक्षरांची समान पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये जुळवलेले आहे, आणि रूपांतरानंतरही तीच गिचमीड मिळेल. काहीच निवडता आले नाही, तर ती पाने स्कॅन केलेली आहेत. यादीत अशाच पुस्तकांचा भरणा असेल, तर सहा इंची रीडर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या पडद्याचा टॅब्लेट त्या कामाला अधिक योग्य आहे.

यादीचा निकाल ई-रीडरच्या बाजूने लागला, तर पडद्याकडे वळावे. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. पान बदलताना हे कण वरखाली होतात आणि एकदा स्थिरावले की त्यांना वीज लागत नाही. म्हणूनच एकदा चार्ज केलेला रीडर अनेक दिवस, बेताने वाचणाऱ्याला काही आठवडेही पुरतो, आणि भर उन्हात त्यावरचे अक्षर अधिकच ठळक दिसते. खरेदी करताना पडद्याची घनता अवश्य पाहावी. स्वस्त जुन्या यंत्रांत ती इंचाला १६७ बिंदू असते, तर चांगल्या यंत्रांत ३००. इंग्रजी मजकूर १६७ बिंदूंवरही सुखाने वाचता येतो, पण देवनागरीत रफार, अनुस्वार, उकार आणि जोडाक्षरांतील बारीक वळणे लहान आकारात एकमेकांत मिसळतात. बजेट कमी असेल तर साठवणक्षमतेत तडजोड करावी, घनतेत करू नये. निव्वळ मजकुराचे पुस्तक सहसा एक-दोन एमबीचेच असते, तेव्हा चार जीबीचे यंत्रही पहिल्या रीडरसाठी पुरेसे आहे. अंगचा दिवा मात्र असावा, म्हणजे घरातले झोपल्यावरही खोलीतला दिवा न लावता वाचता येते.

कमी खर्चात ३०० बिंदूंचा पडदा हवा असेल, तर वापरलेले यंत्र घेण्यास हरकत नाही. २०१५ आणि २०१८ चे किंडल पेपरव्हाइट या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. त्यांपैकी २०१८ च्या यंत्राला पाण्यापासून संरक्षण आहे. २०१२ पर्यंतच्या जुन्या किंडलच्या वाटेला जाऊ नये. त्यांतील काही यंत्रांवरून पुस्तकांचे दुकान उघडण्याची सोय २०२२ मध्येच काढून घेण्यात आली. वापरलेले यंत्र विक्रेत्यासमोर सुरू करून दिवा पूर्ण वाढवावा आणि एक पांढरे व एक गडद पान पाहावे, म्हणजे रेघा किंवा मृत पट्टे लपत नाहीत. आधीच्या मालकाचे खाते काढून तेथेच आपले खाते जोडून पाहावे. खाते जोडले जात नसेल, तर ते यंत्र चोरीचे म्हणून बंद केलेले असू शकते, आणि मग कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, पैसे देण्यापूर्वी त्यावर मराठी मजकूर उघडून पाहावा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ज्ञान’, ‘लक्ष्य’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द असलेली छोटी फाइल सोबत न्यावी. अक्षरे सुटी पडत असतील किंवा वेलांटी चुकीच्या अक्षरावर जात असेल, तर त्या यंत्राची देवनागरीची तयारी अपुरी आहे. अक्षरे नीट जुळत असून केवळ वळण आवडले नाही, तर चिंता नको. किंडल व कोबो (दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर) या दोन्हींत फॉन्टसाठी वेगळे फोल्डर ठेवता येते आणि मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो’ (Noto) हा देवनागरी फॉन्ट त्यात टाकता येतो.

यंत्र घरी आल्यावर पुस्तके चढवण्याची पद्धत समजून घ्यावी. कोबोवर ईपब फाइल केबलने थेट टाकली तरी चालते. किंडलवर तशी टाकलेली ईपब दिसतच नाही, आणि अनेक नवखे वाचक येथेच गोंधळतात. त्यासाठी ‘सेंड टू किंडल’च्या संकेतस्थळावर फाइल चढवावी, तेथे २०० एमबीपर्यंतची फाइल घेतली जाते. ईमेलने पाठवायची असल्यास पाठवणारा पत्ता आधी खात्यातील मान्य यादीत नोंदवावा लागतो. इंटरनेटशिवाय काम करायचे असेल, तर कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घेऊन ईपबचे एझेडडब्ल्यू३ (AZW3) या किंडलला चालणाऱ्या स्वरूपात रूपांतर करावे आणि ती फाइल केबलने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये टाकावी. संग्रह वाढू लागला की कॅलिबरमध्येच लेखकांची नावे एकाच पद्धतीने देवनागरीत लिहून ठेवावीत, अन्यथा एकाच लेखकाची पुस्तके दोन-तीन ठिकाणी विखुरतात.

वाचायला बसण्यापूर्वी पानाची मांडणी लावून घ्यावी. मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने मराठीला ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त लागते, तर समास अरुंद ठेवल्यास लहान पडद्यावर जास्त मजकूर मावतो. दोन्ही कडा सरळ ठेवल्या की लांब मराठी शब्दांमुळे ओळीत मोठी रिकामी भगदाडे पडतात. सोय असेल तेथे फक्त डावी कड सरळ ठेवावी. आधीच्या पानाची पुसट छाया दिसत राहिली, तर प्रत्येक पानाला पडदा ताजा करण्याचा पर्याय सुरू करावा.

ई-इंक पडद्याखाली बहुधा पातळ काच असते आणि दप्तरात डब्याचा किंवा किल्ल्यांचा दाब पडला तरी ती तडकते, म्हणून कडक आवरण यंत्राबरोबरच घ्यावे. पडदा बदलण्याचा खर्च स्वस्त यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. पुस्तके चढवून झाली की वाय-फाय बंद ठेवावे, चार्जिंग पुष्कळ जास्त दिवस टिकते. किंडलवर अधोरेखित केलेली वाक्ये आणि टिपणे ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये जमा होतात. यंत्र केबलने जोडून ती फाइल दर दोन-तीन महिन्यांनी संगणकावर उतरवून ठेवावी, कारण यंत्र मूळ स्थितीला आणले की ती पुसली जाते.