साधी गाडी की हायब्रिड? खरं मायलेज मोजून ठरवा

दोन गाड्यांची छापील मायलेज शेजारी ठेवून वजाबाकी केली की हिशेब झाला, असं वाटतं. पण ते आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवर निघालेले असतात, आणि रस्त्यावर आल्यावर साधी गाडी आणि हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी) सारख्या प्रमाणात घसरत नाहीत. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलांपासून मायलेजच्या चाचणीत जास्त वेग, एसी आणि थंडी यांचाही विचार होऊ लागला, तेव्हा त्या काळच्या टोयोटा प्रियस या हायब्रिडचा शहरातला आकडा गॅलनला ६० मैलांवरून ४८ वर आला. गाडी तीच, मोजपट्टी तेवढी बदलली. तेव्हा मोजायचं ते आपल्या रस्त्यावर.

आधी हातातली गाडी मोजा

पद्धत जुनीच आहे: टाकी फुल ते टाकी फुल.

१. टायर थंड असताना हवा तपासून कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणा.
२. सपाट जागी उभ्या गाडीत नोझल आपोआप बंद होईपर्यंत इंधन भरा. पहिल्या कटला थांबा. ‘आकडा गोल करू’ म्हणून वर आणखी टाकू नका.
३. ट्रिप मीटर शून्यावर आणा.
४. टाकी पाव उरेपर्यंत रोजच्यासारखी गाडी चालवा. परीक्षा आहे म्हणून पाय हलका ठेवला, तर मोजणीला अर्थ उरत नाही.
५. शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवा.
६. असं किमान तीन वेळा करा. मग एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा.

तीन टाक्या कशासाठी? नोझल दर वेळी नेमक्या त्याच पातळीला बंद होत नाही, अर्धा लिटर इकडेतिकडे सहज होतं. दहा लिटर भरून मोजलं तर ही चूक पाच टक्के होते. शंभर लिटरवर तीच अर्धा टक्का. ‘दोन लिटर टाकले आणि बघितलं’ या मोजणीला म्हणूनच काही किंमत नाही.

डॅशबोर्डवरचा आकडा तुलनेला वापरू नका. तो इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून बांधलेला अंदाज असतो, आणि बहुधा गाडीची बाजू घेतो. किलोमीटरचा आकडाही एकदा जीपीएसशी ताडून बघा. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, त्यामुळे मीटर खऱ्या अंतरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पळतं.

शहर आणि महामार्ग वेगळे काढा

हे टाळलं तर पुढचं सगळं फुकट जातं. साधी गाडी शहरात जास्त पिते, कारण सिग्नलला इंजिन चालूच राहतं (एसीसकट ताशी साधारण अर्धा ते एक लिटर) आणि प्रत्येक ब्रेकला गाडीची गती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिड नेमकं तेच वाचवते. थांबताना इंजिन बंद, आणि ब्रेक दाबल्यावर मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते. म्हणूनच २०१० च्या प्रियसचा अमेरिकेतला अधिकृत आकडा गॅलनला शहरात ५१ आणि महामार्गावर ४८ मैल होता, साध्या गाडीच्या अगदी उलटा.

महामार्गावर ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवणार काय? तिथे इंधन हवेला बाजूला सारण्यात जातं. ताशी ८० वरून ११० वर गेलात की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्यावर बॅटरीचा इलाज नाही. तिथे हायब्रिड जे थोडं वाचवते, ते बहुतांशी अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालणाऱ्या काटकसरी इंजिनामुळे.

तेव्हा एक टाकी फक्त रोजच्या शहरी फेऱ्यांची ठेवा, एक लांबच्या प्रवासाची. ट्रिप कॉम्प्युटरवरचा सरासरी वेगही टिपा. तो ताशी २० ते २५ च्या आसपास असेल तर हायब्रिडला भरपूर वाव आहे. ६० च्या वर असेल तर फार आशा ठेवू नका.

हायब्रिड मोजताना कुठे चुकतं

शोरूममधली दहा किलोमीटरची चक्कर मायलेजसाठी निरुपयोगी. कारण बॅटरी. गाडी देताना ती भरलेली असेल आणि परत आणताना रिकामी, तर मधलं अंतर फुकटात झाल्यासारखं दिसतं. अर्धा युनिट वीज तयार करायला इंजिनाला साधारण दीड-दोन दशांश लिटर पेट्रोल लागतं. दहा किलोमीटरच्या फेरीत एकूण जळतंच अर्धा लिटर, म्हणजे आकडा पार बिघडला. चारशे किलोमीटरांत हाच फरक एका टक्क्याच्या आत येतो.

त्यामुळे तशीच गाडी दोन-तीन दिवस भाड्याने घ्या, किंवा ओळखीत असेल तर मागून घ्या, आणि किमान २५०–३०० किलोमीटर फुल-टू-फुल मोजा. जिथून निघालात तिथेच परत या, म्हणजे चढ-उतार एकमेकांत फिटतात. नुसता घाट उतरून मोजू नका. लहान बॅटरी उतारावर लवकर भरते आणि पुढची ऊर्जा वायाच जाते, पण मीटरवर आकडा मात्र झकास दिसतो. एसीचं तापमान, माणसं आणि सामान दोन्ही गाड्यांत सारखं ठेवा.

दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या वेगळ्या धरा. इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तापेपर्यंत हायब्रिडही इंजिन चालूच ठेवते. थंडीत हीटर लावला तर आणखी. अशा वापरात छापील फायद्याचा बराच भाग गळून जातो.

नावालाही फसू नका. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, सहसा एकटी गाडी ओढत नाही. तिला साधी गाडी समजूनच मोजा. प्लग-इन हायब्रिडमध्ये (जिची बॅटरी प्लग लावूनही भरता येते) भिंतीवरून घेतलेली वीज वेगळी लिहा, नाहीतर मायलेज अविश्वसनीय निघेल, आणि विश्वास ठेवण्यासारखं ते नसेलही.

हिशेब लिटरमध्ये मांडा

लिटरमागे किलोमीटर हे माप फसवं आहे. १० चं १२ झालं तर हजार किलोमीटरला जवळपास १७ लिटर वाचतात. २० चं २५ झालं तर फक्त १०. दुसरी उडी मोठी दिसते, वाचवते कमी. सरासरीचंही तसंच: निम्मं अंतर १२ ने आणि निम्मं २४ ने कापलं, तर सरासरी १८ नव्हे, १६ येते.

समजा वर्षाला १२,००० किलोमीटर, त्यातले ८,००० शहरात. साधी गाडी शहरात ११ आणि बाहेर १८ देते, हायब्रिड १९ आणि २१. (आकडे नमुन्याचे, तिथे आपले घाला.)

साधी: ७२७ + २२२ = ९४९ लिटर.
हायब्रिड: ४२१ + १९० = ६११ लिटर.
बचत: ३३८ लिटर.

तेच अंतर उलटं वाटलं, ४,००० शहर आणि ८,००० महामार्ग, तर बचत २१७ लिटरवर येते. गाड्या त्याच, मायलेज तेच.

आता दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाला एका लिटरच्या दराने भागा. समजा, फरक २,००० लिटरच्या किमतीएवढा निघाला. पहिल्या वापरात तो सुमारे सहा वर्षांत भरून येतो, दुसऱ्यात नऊ वर्षांहून जास्त लागतात. तुलना मात्र सारख्या गाड्यांची करा. हायब्रिड ऑटोमॅटिक असते, तेव्हा समोर त्याच आकाराची ऑटोमॅटिकच ठेवा, स्वस्तातली मॅन्युअल नको. आणि साधी गाडी डिझेलची असेल तर लिटर थेट ताडू नका. लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते आणि दरही वेगळा असतो, म्हणून तिथे लिटरऐवजी दोन्हींचा वर्षाचा इंधनखर्च पैशांत काढा.