तान्ह्या बाळाची बद्धकोष्ठता: या चुका टाळा

बाळाला तीन दिवस शी झाली नाही की घरातले सगळे कॅलेंडरकडे बघायला लागतात. बघायचं असतं डायपरमध्ये. शी किती दिवसांनी झाली यापेक्षा ती कशी झाली, यावरून बद्धकोष्ठता ठरते. हा लेख सहा महिन्यांच्या आतल्या बाळांबद्दल आहे. मोठ्या मुलांचे उपाय या वयात चालत नाहीत, काही तर धोक्याचेच आहेत.

दिवस मोजून बद्धकोष्ठता ठरवणं

फक्त अंगावर पिणारं बाळ साधारण दीड महिन्याचं झालं की त्याचं शीचं वेळापत्रक पार बदलू शकतं. दिवसाला पाच-सहा वेळा शी करणारं बाळ आठवडाभर, कधी दहा दिवसही शी करत नाही. आईचं दूध जवळजवळ पूर्ण पचतं, मागे चोथा फारसा उरत नाही. अखेर झालेली शी मऊ, पिवळसर, पातळ असेल, बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल आणि दिवसाला सहा किंवा जास्त डायपर लघवीने ओले होत असतील, तर काहीही करायची गरज नाही.

पहिल्या महिन्यात मात्र हिशोब उलटा असतो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज निदान तीन-चार वेळा शी व्हायला हवी. ती कमी होत असेल तर बद्धकोष्ठतेआधी शंका घ्यायची ती दूध पुरत नसल्याची. अशा वेळी शी काढण्याचे उपाय करण्यात वेळ घालवू नका. बाळाचं वजन करून घ्या आणि बाळ स्तन नीट पकडतंय का, हे जाणकाराला दाखवा.

खरी बद्धकोष्ठता ओळखायची ती अशी: शी सुटे खडे होऊन पडते किंवा घट्ट, जाड, कोरडी येते. कधी तिच्यावर लाल रक्ताची बारीक रेघ असते, कारण कडक शी बाहेर पडताना गुदद्वाराच्या कडेला चीर पडते.

कुंथणं म्हणजे बद्धकोष्ठता समजणं

बाळ लालबुंद होतं, पाय पोटाशी घेतं, दहा-वीस मिनिटं कुंथतं, रडतं, आणि मग शी होते ती मऊ. ही बद्धकोष्ठता नाही. शी करायला पोटातून जोर लावावा लागतो आणि त्याच क्षणी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडावे लागतात. बाळाला या दोन गोष्टींचा मेळ अजून जमलेला नसतो. रडण्यानेच पोटात जोर येतो, म्हणून ते रडतं. हे काही आठवड्यांत आपोआप थांबतं.

इथे होणारी चूक म्हणजे मदत म्हणून दर वेळी कापसाची काडी किंवा थर्मामीटर गुदद्वारात फिरवणं. शी लगेच होते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण बाहेरून ढोसलं की मगच सोडायचं, असं बाळ शिकतं आणि स्वतःचं शिकणं लांबतं. शिवाय आतलं अस्तर नाजूक असतं, त्याला इजा होऊ शकते. त्यापेक्षा बाळ कुंथत असताना त्याला उताणं धरा आणि दोन्ही गुडघे हलकेच पोटाकडे दुमडून ठेवा. मोठी माणसं उकिडवी बसतात तशीच ही स्थिती आहे. आडवं पडून शी करणं कोणालाही अवघडच जातं.

दुधाच्या पावडरचं माप चुकणं

पावडरचं दूध पिणाऱ्या बाळाची शी कडक झाली की पावडरची कंपनी बदलण्याआधी दूध कसं बनवलं जातंय ते बघा. घरात तीन जण दूध बनवत असतील तर तिघांनाही आपल्यासमोर बनवायला लावा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

बाटलीत आधी पावडर टाकून वर खुणेपर्यंत पाणी भरलं, तर पावडरीने व्यापलेल्या जागेइतकं पाणी कमी पडतं. आधी पाणी, मग पावडर हा क्रम पाळा. पाणी उकळण्याआधी मोजलं तर उकळताना उडून गेलेलं पाणी कमी होतं, म्हणून उकळल्यावर मोजा. चमचा शिगोशीग भरू नका आणि दाबूनही भरू नका. सैल भरून सुरीच्या पाठीने सपाट करा. चमचा त्याच डब्यातला हवा. काही पावडरींना 30 मि.ली. पाण्याला एक चमचा लागतो, काहींना 60 मि.ली.ला एक. जुन्या डब्यातला चमचा नव्यात टाकला की सगळं माप बिघडतं.

घट्ट दुधाने शी कडक होते, अंगातलं पाणी कमी होतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून मुद्दाम पातळ करायचं, हीसुद्धा चूकच. त्याने बाळाचं पोषण कमी पडतं. पावडरीतल्या लोहामुळे शी कडक होते असं समजून लोह कमी असलेली पावडर शोधू नका. नेहमीच्या प्रमाणातल्या लोहाने बद्धकोष्ठता होत नाही आणि बाळाला ते लोह हवंच असतं. दर चार दिवसांनी पावडर बदलली तर कशाने काय झालं, हे कळायला मार्गच राहत नाही.

पाणी, मध, तेल

अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको. पोट पाण्याने भरलं की दूध कमी जातं, आणि पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. खरी बद्धकोष्ठता असेल तर एक महिन्यावरच्या बाळाला डॉक्टर कधीकधी थोडा सफरचंदाचा किंवा नासपतीचा रस सुचवतात. वयाच्या दर महिन्यामागे दिवसाला 30 मि.ली., पण दिवसाला 120 मि.ली.च्या वर नाही. या फळांमधलं सॉर्बिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) आतड्यात पाणी ओढतं आणि शी मऊ होते. हा औषध म्हणून दिलेला रस आहे, रोजचं पेय करायचा नाही.

वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. मधातल्या जीवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजले तर बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होते. गंमत म्हणावी की दैव, तिचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठताच असतं. पुढे रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, ओढून पिणं जमेनासं होतं.

लिक्विड पॅराफिन (जुलाबासाठी वापरलं जाणारं खनिज तेल) पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांना सूज येते. साबणाची कांडी गुदद्वारात घालू नका, आतलं अस्तर भाजल्यासारखं होतं. मोठ्यांचा फॉस्फेटचा एनिमा दोन वर्षांच्या आत जिवावर बेतू शकतो, कारण रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने उतरतं. ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची वडी) बाळांच्या आकाराची मिळते, पण तीही डॉक्टरांनी सांगितली तरच आणि एखाद्या वेळेपुरतीच.

औषधाची घाई

डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज हे शी मऊ करणारं औषध दिलं तर त्याला एक ते दोन दिवस लागतात. सकाळी दिलं आणि संध्याकाळपर्यंत काही झालं नाही म्हणून मात्रा दुप्पट केली, की तिसऱ्या दिवशी जुलाब ठरलेले. पोटाच्या मसाजलाही थोडा धीर लागतो. दूध पाजून निदान अर्धा तास होऊ द्या. मग बेंबीभोवती, तुमच्या नजरेतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हलक्या दाबाने दोन-तीन मिनिटं हात फिरवा. मोठं आतडं याच वाटेने जातं. उलटं फिरवून उपयोग नाही. नंतर सायकल चालवल्यासारखे पाय हलवा. बाळ पोट घट्ट करत असेल तर थांबा.

डॉक्टरांकडे जायला उशीर करणं

हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, दूध न पिणं, सुस्ती, शीमध्ये मिसळलेलं रक्त, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा. जन्मानंतरची पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, वजन वाढत नाही, शी फितीसारखी बारीक येते किंवा पायांत जोर कमी वाटतो, तर घरगुती उपाय न करता तपासणी करून घ्या. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच मज्जातंतूंच्या पेशी नसणं, थायरॉइड कमी असणं अशी कारणं त्यामागे असू शकतात. जाताना शेवटच्या शीचा फोटो, आणि पावडर देत असाल तर डबा आणि त्यातला चमचा, दोन्ही बरोबर घ्या.